पायी नर्मदा परिक्रमा पूर्ण झाली, घरी आलो, पण मन अजून काठावरच आहे. तुमचं कसं झालं होतं?

खारपाणवाला

नर्मदे हर मंडळी. मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यात (जिथं जमिनीखालचं पाणी खारं लागते) वावर आहे, कपाशी, तूर, हरभरा. कार्तिकात ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली, पूर्ण पायी, अन् चैत्रात तिथंच येऊन पूर्ण झाली. घरी आलो त्याला आता दोन-अडीच महिने होत आले.

विचारायचं असं आहे की जायच्या आधी काय करायचं हे सगळेच सांगतात, बूट कोणते घ्यायचे, पाठीवर वजन किती, शूलपाणीच्या झाडीतून कसं जायचं, मैया समुद्राले मिळते तिथं विमलेश्वरला भरतीच्या वेळेवर नाव कशी पकडायची. पण वापस आल्यावर काय होते हे मले कोणी सांगितलं नाही. मृग लागला, वखरणं झालं, सरकी घरात आणून ठेवली, हात कामात आहेत पण जीव लागत नाही. पहाटे चारला आपोआप डोळा उघडते, अंथरुणाची घडी करतो, झोला शोधायला हात जाते, मंग ध्यानात येते का आपण घरी आहो.

शेवटच्या दिवसाचं सांगतो. ज्यांनी केली त्यांना माहीतच आहे, परिक्रमेत धार ओलांडता येत नाही म्हणून एकदा संकल्प घेतला की बेटावरच्या ओंकारेश्वराचं दर्शन पूर्ण होईस्तोवर घेता येत नाही, दक्षिण काठावरच्या ममलेश्वराले हात जोडून निघावं लागते. शेवटी कढाई (शिऱ्याचा प्रसाद) केली, कन्याभोजन दिलं, संकल्प सुटला अन् सोबत नेलेल्या कुपीतलं मैयाचं जल ओंकारेश्वराले वाहायला पुलावर चढलो. मले वाटलं होतं लय आनंद होईल. पण पुलाच्या पहिल्या पायरीपाशी पाय उचलेचना! इतके महिने मैया उजव्या हाताला, ओलांडायची नाही ओलांडायची नाही हे अंगात भिनलेलं, अन् आता ती पायाखालून वाहत होती, डावीकडंही तीच अन् उजवीकडंही तीच. मागून येणाऱ्या एका बाबानं पाठीवर हात ठेवला तेव्हा पुढं गेलो.

गावात सत्कार झाला, शाल-नारळ, म्हातारी माणसं पाया पडू लागली, मले ते सोसत नाही. अन् विचारतात काय तर किलोमीटर किती झाले, वाघ दिसला का, चमत्कार झाला का. मले सांगायचं राहते ते वेगळंच. नंदुरबार जिल्ह्यातल्या पहाडात एका पाड्यावर सांजच्याला पोचलो, कुडाचं घर, चुलीवर मक्याच्या भाकरी, त्या माऊलीनं आपल्या लेकरांच्या आधी आमच्या ताटात वाढलं, पोरं भिंतीला टेकून शांत बघत होती, त्यांना सवय होती असं दिसलं. हे सांगितलं का लोक "हो का" म्हणतात अन् पुढचा प्रश्न वाघाचा.

घरची काही बोलत नाही पण तीही गप्प गप्पच आहे. तुम्ही लोक वापस आल्यावर कसे बसले संसारात? किती दिवस असं राहते?

मेळघाटचा मास्तर

नर्मदे हर भाऊ. आधी हे सांगतो की असं होतंच, ज्यांना होत नाही ते बहुतेक गाडीनं केलेले असतात (गाडीनं करणाऱ्यांना कमी लेखत नाही, ज्याची त्याची तब्येत).

माझ्या मते कारण असं आहे बघा. नदी १३१२ किलोमीटर लांब, दोन्ही काठ अन् वळणं धरून अडीच हजाराच्या वर चालणं होते, पण रोज तुमच्यापुढं प्रश्न एकच असतो, आज आसन कुठं लावायचं, म्हणजे मुक्काम कुठं. बस. आश्रमात गेलं की विचारतात "कितनी मूर्ति हो?" नाव नाही, जात नाही, सातबारा नाही, तुम्ही एक मूर्ती, बालभोग (सकाळचा नाश्ता) घ्या, भोजनप्रसादी घ्या. कोणी सदाव्रत (कोरडा शिधा) देते तर त्या दाळ-तांदळात तुमची खिचडी. अन् घरी आलं की सोसायटीचं कर्ज, पोराची फी, भावकीतला धुऱ्याचा (बांधाचा) वाद, सगळे प्रश्न एकदम. मन घाबरते, ते साहजिक आहे.

मी काय केलं ते सांगतो. पहिलं, चालणं सोडलं नाही, रोज पहाटे थोडं का होईना. दुसरं, जिथं जिथं खाल्लं ते सगळं आठवून वहीत लिहून काढलं, गावाचं नाव, कोणी दिलं, काय दिलं. लिहिता लिहिता कळलं की आपल्याला फक्त घ्यायची सवय लागली होती, तीही पाच महिने. ते कुठंतरी द्यायला लागलो तेव्हा मन थाऱ्यावर आलं. तुमच्याकडून तर गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावला पायी जाणारे किती जातात, त्यांना पाणी द्या, पाय धुवायला गरम पाणी द्या. तुम्हाला माहीत आहे चालून आलेल्याला गरम पाणी म्हणजे काय. शिवाय ऋणमोचन तुमच्या जवळ, पूर्णेचा घाट तिथं गाडगेबाबांनी खपून उभा केलेला, पौषातल्या यात्रेनंतर एकदा जाऊन बघा तिथं किती काम पडलेलं असते. आपली नदी पूर्णाच ना शेवटी.

पुसदची सिस्टर

मनाचं मास्तरांनी सांगितलं, मी पायाचं सांगते कारण तुम्ही लिहिलं नाही पण पाय नक्की दुखत असतील. पाच महिने रोज वीस-पंचवीस किलोमीटर चाललेला माणूस एकदम थांबला की टाच धरते, विशेष करून सकाळी उठून पहिली पावलं टाकताना. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या, थंड पाण्याची बाटली आडवी ठेवून तळव्याखाली फिरवायची, अन् अनवाणी फरशीवर फिरायचं नाही काही दिवस. बोटं बधिर असतील तर बहुतेकांची काही आठवड्यांत सुधारतात, पण शुगर असेल तर वाट बघू नका, डॉक्टरला दाखवा. जुने बूट आता घट्ट होतील, इतकं चाललं की पाऊल पसरते, ओढून घालू नका.

अजून एक, भूक तशीच राहते अन् चालणं बंद होते, त्यामुळे वजन भराभर येते, पोळ्या कमी करायचं ध्यानात ठेवा. अन् झोप. चारला उठायचं असेल तर नऊला झोपा, मोबाईल पाहत अकरा वाजवले अन् चारला उठले तर कोणाचंही मन उदास होईल. पेरणी झाली, पंधरा-वीस दिवस उलटले तरी जेवण जात नसेल, कशातच गोडी वाटत नसेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वर्धेकाठचा

मी परिक्रमा केली नाही अजून, इच्छा आहे. पण अमेरिकेत अप्पालाचियन ट्रेल म्हणून एक पायवाट आहे, जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन डोंगरापर्यंत, १४ राज्यांतून जाते, साधारण ३५०० किलोमीटर. तिथं पूर्ण करून आलेली माणसंही अगदी हेच लिहितात, घरात कोंडल्यासारखं वाटते, दुकानात गेलं की इतक्या वस्तू बघून डोकं फिरते, कोणाशी बोलावं कळत नाही. तिथं संकल्प नाही, कुपी नाही, तरी हे होतेच, म्हणजे हे लांब चालण्याचंच आहे काहीतरी.

ती वाट एका दमात पूर्ण चालल्याची पहिली नोंद अर्ल शेफरची, १९४८ सालची. दुसऱ्या महायुद्धातून आला होता, जवळचा मित्र इवो जिमाच्या लढाईत मारला गेलेला, ते युद्ध अंगातून काढायला म्हणून तो चालला. अन् पुढं १९६५ मध्ये उलट्या दिशेनं चालला, १९९८ मध्ये ऐंशीला टेकलेला असताना परत चालला. मला त्याचं हे फार भावते की एकदा केलं अन् संपलं असं त्याला वाटलंच नाही. तर दादा, तुमचं मन काठावर आहे ते राहू द्या की तिथं थोडं, ओढून कशाला आणता.

वाशीमची ताई

खारपाणवाले दादा, मी परिक्रमा केली नाही, आमच्या घरच्यांनी केली. तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, घरची काही बोलत नाही. सगळ्यांनी उत्तर दिलं पण त्या वाक्याकडं कोणी पाहिलं नाही म्हणून लिहिते.

कार्तिक ते चैत्र म्हणजे आपल्याकडं काय राहते? चातुर्मासात परिक्रमा चालत नाही म्हणून सगळे तेव्हाच निघतात, बरोबर आहे, पण नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी राहते. एक वेचणी, दुसरी, मंग फरदड (त्याच झाडांवरचा पुढचा बहार) ठेवायची का काढायची, बोंडअळीनं किती बोंडं कवडी केली ते पाहायचं. मधात तुरीची सोंगणी, हरभऱ्याले पाणी, अन् थ्री फेज लाईन रात्रीची. रात्री दोन वाजता मी सासूबाईला सोबत घेऊन मोटर चालू करायला जात होते, बॅटरी अन् काठी घेऊन, रोह्यांचा (नीलगायींचा) कळप हरभऱ्यात बसलेला राहे. वेचायला बाया भेटत नाहीत, दुसऱ्या गावाहून ऑटोनं आणा, त्यांचं माप लिहा, संध्याकाळी पैसे द्या. व्यापारी आला तर एकट्या बाईपुढं काट्यात हात मारते, ते पहा.

मले त्यांच्या जाण्याचा राग नव्हता, मीच म्हटलं होतं जा म्हणून, मैयाचं बोलावणं रोज येत नाही. पण ते आले तेव्हा गाव वाजंत्री घेऊन वेशीवर गेलं, माझ्या हातात आरतीचं ताट दिलं, अन् कोणी एकानं विचारलं नाही की बाई तू कशी राहिली. नंतर महिनाभर आमच्या घरी रोज माणसं, रोज मैयाच्या गोष्टी, मी चहा करून ऐकत होते. त्या गोष्टी खऱ्याच चांगल्या होत्या, माझ्या डोळ्यात पाणी येत होतं. पण माझीही गोष्ट होती की नाही?

मंग एका रात्री त्यांनी वेचणीची चोपडी काढली, ज्यात मी माप लिहिलं होतं. पहिल्या पानापासून एक एक तारीख वाचत गेले अन् विचारत गेले, या दिवशी माप इतकं कमी का, या दिवशी काहीच लिहिलं नाही ते का. मी सांगत गेले, त्या दिवशी पोरगा तापानं फणफणला होता, त्या दिवशी ढग आले म्हणून सगळं सोडून कापूस झाकला. ते सांगत गेले की त्या तारखेला मी अमुक गावात होतो. पहाट झाली बोलता बोलता. तेव्हापासून ते खरे घरी आले असं मी म्हणते.

तुमच्या घरच्यांना विचारा दादा. मैयाचं नका सांगू दोन दिवस, त्यांचं ऐका.

मेळघाटचा मास्तर

ताई, हे मी माझ्या वहीत लिहून घेतलं. इतक्या वर्षांत परिक्रमावासीयांच्या इतक्या गप्पा ऐकल्या पण हा भाग कोणी बोललं नव्हतं.

खारपाणवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, टाचेचं तंतोतंत खरं निघालं, बाटली फिरवणं सुरू केलं, आराम आहे.

ताई, तुमचं लिहिलेलं घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. रोह्यांचं आलं तसं ती हातातलं निवडणं ठेवून ऐकू लागली. आमच्याकडं चोपडी नाही, तिनं मोबाईलमध्ये बोलून ठेवलं होतं सगळं, रोजचं, स्वतःसाठीच. मले माहीतच नव्हतं. दोन-तीन रात्री बसून ऐकलं. एका दिवशीचं असं आहे की आज तुरीची गंजी रचली, आकाश भरून आलं, ताडपत्री एकटीच्यानं ओढल्या जात नव्हती, शेजारच्या पोराले हाक मारली. ती तारीख धरून पाहिलं तर मी त्या दिवशी रावेरखेडीले होतो, बाजीराव पेशव्याच्या समाधीपाशी बसून १७४० साली तो इथं कसा गेला असेल, घरापासून इतक्या दूर, असा विचार करत होतो. अन् इकडं ही एकटी गंजीपाशी.

ती म्हणते मलेही मैया पाहायची आहे, पण दोघंही पाच महिने वावर सोडून कसे जाऊ. तर चैत्रात गुजरातमध्ये उत्तरवाहिनी परिक्रमा राहते, एका दिवसाची, तिथं दोघं मिळून जावं असं चाललं आहे, तोपर्यंत हरभराही निघून जाईल. कोणी केली असेल तर सांगा, आपल्या भागातून कसं जायचं? तिचे गुडघे बरे आहेत, चालते ती माझ्यापेक्षा जास्त.

पुसदची सिस्टर

आम्ही गेलो होतो. हावडा-अहमदाबाद गाडी बडनेरा अन् अकोल्याला थांबते, तिनं बडोद्याला उतरायचं, पुढं डभोईवरून तिलकवाडा किंवा रामपुरा, रस्त्यानंच. रिझर्व्हेशन लवकर काढा, चैत्रात भेटत नाही. नदी तिथं उत्तरेला वाहते, एका काठानं चालायचं, नावेनं पलीकडं, मग दुसऱ्या काठानं वापस अन् परत नाव. शनिवार-रविवार अजिबात नको, नावेच्या रांगेतच ऊन होते. मधला वार पकडा अन् रात्री दोन-तीनलाच चालायला लागा. वहिनींना नवे बूट घेणार असाल तर आत्ताच घ्या अन् वावरात घालून फिरू द्या, ऐन वेळी नवे घातले तर फोड येतील.