युजरचे रोल इनहेरिटन्सने मांडू नयेत (इंदुरातल्या एका मंडळाचा धडा)

तीन टोप्या
इंदुरातल्या एका मराठी मंडळाचं सॉफ्टवेअर मी फावल्या वेळात सांभाळतो. ग्रंथालय, मुलांचा नाट्यवर्ग, वर्गणीच्या पावत्या, बस. जँगोत (पायथॉनमधलं वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क) लिहायला घेतलं तेव्हा कॉलेजातलं डोक्यात ताजं होतं: शिक्षक हा युजर आहे, पालक हा युजर आहे, पदाधिकारी हा युजर आहे. 'आहे' म्हटलं की इनहेरिटन्स, म्हणजे वारसा: वरच्याचं सगळं खालच्याला आपोआप मिळतं. म्हणून वर युजरचं मूळ टेबल आणि खाली तिघांची तीन टेबलं.

पहिल्याच महिन्यात एक काकू आल्या. नाट्यवर्ग त्या घेतात, नातू त्याच वर्गात, शिवाय कार्यकारिणीत कोषाध्यक्ष. आमच्याकडे अशी माणसं अपवाद नाहीत, अशांवरच मंडळ चालतं. मी घाईत त्यांची तीन खाती काढली, तीन ईमेलवर. कुठल्या कामाला कुठला पासवर्ड, ते काकू एका वहीत लिहून ठेवायला लागल्या.

खरा फटका पुढे बसला. काकूंनी वर्ग सोडला, सचिवांनी ॲडमिनमध्ये (जँगोसोबत येणाऱ्या व्यवस्थापनाच्या पानांवर) जाऊन शिक्षकाची नोंद डिलीट केली. जँगोत खालच्या टेबलातली ओळ उडवली की वरची मूळ ओळही जाते, आणि तिला कॅस्केडने (मूळ गेलं की सोबत पुसलं जाईल असं) बांधलेलं सगळं तिच्यामागून. ग्रंथालयातली पुस्तकं काकूंनी त्याच खात्यावर नेलेली, ती नोंद साफ उडाली. ॲडमिनने आधी काय काय जाणार त्याची यादी दाखवून विचारलं होतं म्हणा, पण ती यादी कोण वाचतं? बॅकअप होता म्हणून वाचलो.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. शिक्षक, कोषाध्यक्ष या नेमणुका आहेत. नेमणूक सुरू होते, संपते, एकाच्या दोन असतात. चाइल्ड टेबलात, म्हणजे इनहेरिटन्समधल्या खालच्या टेबलात, हे बसत नाही. युजर एक ठेवा. नेमणुकांचं टेबल वेगळं: कोण, काय, कधीपासून, कधीपर्यंत. मानधन वगैरे खास माहिती प्रोफाइलमध्ये.

जुना जावावाला
दोष तुझा आहे, इनहेरिटन्सचा नाही. डिलीट करताना 'कीप पॅरेंट्स' द्यायचं, मूळ ओळ राहते. जँगो १.९ पासून ती सोय आहे. आणि एका युजरला दोन चाइल्ड ओळी जोडताही येतात: मूळ ओळीची की (ओळख क्रमांक) द्यायची आणि 'सेव्ह बेस' रॉ मोडमध्ये चालवायचं, म्हणजे मूळ ओळीला हात न लावता फक्त खालची ओळ लिहिली जाते. तीन खात्यांची गरजच नव्हती.

उलट तुझ्या नव्या मांडणीचं बोल. शिक्षकाचा बँक खाते क्रमांक हवाच ना? शिक्षकाच्या चाइल्ड टेबलात तो कॉलम नॉट नल (रिकामा चालणार नाही असा) करून मोकळं होता येतं. तुझ्याकडे शिक्षक नेमला, प्रोफाइल भरलंच नाही, तरी डेटाबेस गप्प. मग कोडभर इफ लिहीत बस.

तीन टोप्या
काका, सचिव ॲडमिनच्या बटणावर कीप पॅरेंट्स कुठून देणार? आणि रॉ मोडची युक्ती म्हणजे वन-टू-वन नातंच झालं की, फक्त चोरवाटेने. मग सरळ तेच लिहितो. नॉट नलचा मुद्दा मात्र मान्य. नेमणूक आणि प्रोफाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही) करतोय, पण ती कोडची शिस्त झाली, डेटाबेसची नाही. तेवढं उणं राहतंच.

रुळावरून
एवढा खटाटोप कशाला, भिया? रेल्सवाले (रेल्स म्हणजे रुबीतलं फ्रेमवर्क) करतात तसं करा: एकच टेबल, एक टाइप कॉलम. टेबलं एकमेकांना जोडणं (जॉइन) नाही. रोल बदलला की टाइप बदला. रिकाम्या कॉलमांची लाज वाटत असेल तर चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसनेच तपासायची अट) लावा.

तीन टोप्या
काकूंचा टाइप काय लिहू?

पोहे जास्त जिरावन
एक इशारा: कोणी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या स्वतःच्या इनहेरिटन्सकडे वळत असेल तर जपून. मूळ टेबलावरचं युनिक बंधन खालच्या टेबलांना लागू होत नाही, आणि मूळ टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन कीला खालच्या ओळी दिसतच नाहीत.

बाकी, होळकरांच्या गावात हा वाद म्हणजे गंमत आहे. १७६७ मध्ये मल्हाररावांचे नातू मालेराव गेले. कारभार मल्हाररावांच्या सुनेने, अहिल्याबाईंनी घेतला, फौज तुकोजीरावांकडे. दोघांपैकी कोणीही मल्हाररावांचा चाइल्ड क्लास नव्हता. झकास चाललं.

हिशेब तपासनीस
इतिहास राहू द्या, पैशाचं बोला. व्हाउचर लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा हवा. एका माणसाला एकच प्रकार, हे इनहेरिटन्स फुकटात सांभाळतं. नेमणुकांच्या टेबलात उद्या कोणीही दोन्ही रोल घेऊन बसेल. आणि रोलवर आधारित परवानग्यांची जी मांडणी फेराइओलो आणि कून यांनी १९९२ मध्ये केली, तिचं २००४ चं अमेरिकन मानक पाहा. त्यात रोलची उतरंड आहेच. म्हणजे वारसा आलाच.

तीन टोप्या
ती उतरंड परवानग्यांची आहे. वरच्या रोलला खालच्याचे अधिकार मिळतात. माणूस कुठल्या टेबलात राहतो याच्याशी तिचा संबंध नाही. त्याच मानकात एका युजरला अनेक रोल देता येतात, आणि कामं वेगळी ठेवण्याचं बंधन स्वतंत्रपणे मांडलंय.

आता व्हाउचरचं. आमच्या कोडमध्ये तपासणी होती: लिहिणारा युजर आणि मंजूर करणारा युजर एक नको. काकूंनी शिक्षिकेच्या खात्यावरून नेपथ्याचं बिल टाकलं, कोषाध्यक्षाच्या खात्यावरून मंजूर केलं. सिस्टिमला दोन बायका दिसल्या. काकूंच्या मनात काही नव्हतं, त्यांनीच येऊन सांगितलं, 'अरे, मीच मला पैसे दिले वाटतं.' हे ते फुकटातलं सांभाळणं.

हिशेब तपासनीस
हे चालणार नाही. मान्य.

जुना जावावाला
मी पूर्ण मान्य करणार नाही. तुमचे देणगीदार घे: कोणी व्यक्ती, कोणी दुकान, कोणी ट्रस्ट. दुकानाची कधी व्यक्ती होत नाही. तिथे देणगीदाराखाली व्यक्ती आणि संस्था अशी दोन टेबलं चोख बसतात. ते तरी मोडू नकोस.

तीन टोप्या
ते तसंच ठेवतोय. अडलंय ते पावत्यांवर. पावती युजरला जोडली तर तेव्हा सही करणारा कोण पदावर होता ते कळत नाही, म्हणून नेमणुकीला जोडणार. जुन्या पावत्यांच्या तारखा आणि कार्यकारिणीचं इतिवृत्त समोरासमोर ठेवून भरावं लागेल. खाती एकत्र करणं अनंत चतुर्दशीनंतर. वर्गणी चालू असताना मायग्रेशनला (डेटा नव्या मांडणीत हलवण्याला) हात लावत नाही. तेव्हा कुठली खाती एकाच माणसाची हे शोधायचं कसं? ईमेल वेगळे, काहींचे मोबाइल नवऱ्याचे.

रुळावरून
काकूंची वही माग.