नवरा पोलिसात आहे, नऊ आठवडे धड झोपलेला नाही. कसं बोलू?

प्रश्न (सहचरी)
माझे मिस्टर 18 वर्षं पोलिसात आहेत. नऊ आठवड्यांपूर्वी एका अपघाताच्या पंचनाम्याला गेले. आमच्या धाकटीएवढीच, सहा वर्षांची मुलगी त्यात गेली होती. तिच्या आईवडिलांना कळवायलाही हेच गेले. त्या रात्री घरी येऊन वर्दी स्वतः धुतली, जेवले नाहीत. तेव्हापासून रात्री अडीच-तीनला दचकून उठतात, दारांच्या कड्या तपासत फिरतात. धाकटीला शाळेत सोडायचं बंद केलंय. विचारलं की चिडतात. डॉक्टरकडे गेलो तर वर कळेल, हत्यार काढून घेतील, साइड पोस्टिंग देतील ही भीती. मी काय करू?

निवृत्त फौजदार
ताई, ती भीती खोटी नाही. मीही तिच्यापायी सहा वर्षं गप्प राहिलो आणि घरच्यांनी ते भोगलं. एक सांगतो, "काय झालं ते सांगा ना" असं समोर बसून विचारू नका. आम्ही दिवसभर लोकांचे जबाब घेतो. घरी आपलाच जबाब घेतला जातोय असं वाटलं की तोंड मिटतं. मला बोलतं केलं माझ्या बॅचमेटने, गाडीत शेजारी बसून, रस्त्याकडे बघत. त्यांचा असा कोणी आहे का? आणि पिस्तूल घरी येत असेल तर सध्या ठाण्यातच जमा करून यायला सांगा.

समुपदेशक
पहिल्या महिन्यात झोप उडणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं पुष्कळांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. म्हणून तर घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून सगळं बोलायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण महिना उलटूनही हे चालू असेल तर पीटीएसडीची (भयंकर घटनेनंतर मनावर टिकून राहणाऱ्या आघाताच्या आजाराची) तपासणी करून घ्यायलाच हवी. धाकटीला टाळणं म्हणजे माया आटली असं अजिबात समजू नका. तिच्याकडे पाहिलं की ती दुसरी मुलगी आठवत असेल. यावर आघात-केंद्रित सीबीटी (त्या घटनेभोवतीचे विचार आणि टाळणं बोलून हळूहळू बदलणं) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणीवर काम करणं) हे उपचार चांगले लागू पडतात. झोपेसाठी दारू किंवा मनाने घेतलेल्या गोळ्या नकोत.

नोकरीसाठीची फिटनेस तपासणी वेगळी, स्वतःचे उपचार वेगळे. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना थेट विचारा : खात्याला काय कळवावं लागतं, आणि कधी? आणि मरणाचे विचार येतात का, हे त्यांना स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ते मनात येत नाहीत. 'हो' म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

सहचरी
काल रात्री कड्या तपासताना मीही त्यांच्याबरोबर फिरले. स्वयंपाकघराच्या दाराशी विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाही गं. फक्त झोप हवी." त्यांच्या बॅचमेटना फोन केलाय, रविवारी येतायत.