किडनी आणि कॅन्सर - अर्जंट मदत हवी आहे

पेडणेकरीण: सोनोग्राफीत उजव्या किडनीत 'कॉम्प्लेक्स सिस्ट' (साधी नसलेली, गुंतागुंतीची पाण्याची गाठ) आलीय. डॉक्टर म्हणतात डाय (शिरेतून देतात ते रंगद्रव्य) घालून सीटी करा. जाऊबाई म्हणते डायने उरलीसुरली किडनी जाईल. किडनीचा आजार असला की कॅन्सर होतो का, आणि सीटी करू की नको, एवढंच सांगा. सोमवारी जायचंय. गूगल करून डोकं फिरलंय.

माड_आणि_मासे: कोणाला? वय? क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते सांगणारी रक्तचाचणी) किती? लघवीत रक्त जातं का?

निसर्गोपासक: सीटीच्या भानगडीत पडू नका. माझ्या मेव्हण्याचं क्रिएटिनिन काढ्याने उतरलं. व्यनि (खासगी निरोप) करा, वैद्यांचा नंबर देतो.

डायलिसिसवाला: काढ्यात काय होतं ते विचारलंत का? 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये बारीक होण्याच्या चिनी वनस्पतींच्या गोळ्यांनी बायकांच्या किडन्या गेल्या, आणि पुढे त्यांतल्या कित्येकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. त्यातलं विष अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. त्याच कुळातली ईश्वरी आपल्याकडेही वापरतात. नैसर्गिक म्हणे!

निसर्गोपासक: चीनचं पाप आयुर्वेदाच्या माथी मारू नका.

फोंड्याचो_भाऊ: भांडण राहू दे. किडनी पेशंटला करमलां अजिबात देऊ नका, लोणच्यातलीसुद्धा. स्टारफ्रूटमधलं विष किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते मेंदूवर जातं. उचकी लागते, फिटसुद्धा येते. आमच्या शेजारी झालंय.

पेडणेकरीण: करमलांचं कोणी विचारलंय? पेशंट सासूबाई, 64. क्रिएटिनिन डायलिसिसच्या आधी 8 च्या वर असतं.

माड_आणि_मासे: अहो, डायलिसिस चालू आहे हे आता सांगताय?

पेडणेकरीण: सीटीबद्दल विचारतेय म्हणजे किडनीचा आजार आहेच ना. 2017 पासून, आठवड्यातून तीनदा. लघवी जवळजवळ बंद.

डायलिसिसवाला: मग गोष्टच वेगळी. इतकी वर्षं डायलिसिस झालं की आक्रसलेल्या किडनीत आपोआप सिस्ट होतात. बहुतेक निरुपद्रवी, पण अशा किडनीत कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त, म्हणून 'कॉम्प्लेक्स' शब्द आला की डॉक्टर सोडत नाहीत. प्रत्येक किडनी पेशंटला कॅन्सर होतो असं मात्र नाही. वाढलेला धोका मुख्यतः किडनी आणि मूत्रमार्गाचा. ट्रान्सप्लांट झालं तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे त्वचेच्या कॅन्सरचा आणि लिम्फोमाचाही (लसिका ग्रंथींचा कॅन्सर). जाऊबाईंची भीती जिची किडनी अजून चालतेय तिच्यासाठी. लघवीच बंद असेल तर वाचवायचं काय उरलंय? तरी थोडी होत असेल तर किती होते ते सोमवारी नेफ्रोलॉजिस्टना नक्की सांगा. डाय गेल्यावर सिस्टमधली भिंत रंग घेते का ते दिसतं, त्यावरून बॉस्नियाकचा वर्ग (सिस्ट किती संशयास्पद त्याची प्रतवारी) ठरतो: 1, 2 सोडून द्यायचे, 2एफ परत परत बघायचं, 3 आणि 4 ला सर्जन.

माड_आणि_मासे: बुडबुड्यांच्या कॉन्ट्रास्टची (डायसारखाच, पण बारीक बुडबुड्यांचा) सोनोग्राफीही असते, तो किडनीवाटे नाही, फुफ्फुसावाटे जातो. जवळ होते का विचारा.

फोंड्याचो_भाऊ: दीनदयाळचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड आहे का? तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असतील तर चार. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) सकाळी लवकर जा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

काणकोणकार: आमच्याकडे तर कारणच न सापडलेला किडनीचा आजार घरोघरी. पाण्यातली सिलिका म्हणतात. त्यावर कोणी धागा काढेल काय?

पेडणेकरीण: काढा तुम्ही, इथे नको. कार्ड आहे. आणखी एक, दिरांनी कुठल्याशा पॅकेजमध्ये ट्यूमर मार्करही (कॅन्सरच्या संशयासाठी करतात त्या रक्तचाचण्या) करून आणलेत, एक वाढलेला आहे. घरात रडारड.

डायलिसिसवाला: किडनी निकामी असली की काही मार्कर कॅन्सर नसतानाही वाढलेले दिसतात. कागद सोबत न्या, पण त्यावरून काही ठरवू नका. कुठला वाढलाय?

पेडणेकरीण: रिपोर्ट दिरांकडे म्हापशाला आहे. विचारून टाकते.

निसर्गोपासक: व्यनि केलाय, बघा.