डिसेंबरात भाताची लावणी? पोरांना सहलीत नेमकं काय दाखवताय?

वडगावचा शिवारकर:
परवा बेळगावात टिळकवाडीतल्या एका ताईंनी पोस्ट टाकली होती. शाळेची ट्रिप कृषी पर्यटन केंद्राला गेली, पोरांनी चिखलात उतरून भात लावलं, बैलगाडीत बसली, झुणका-भाकर खाल्ली, माणशी ९५० रुपये, आणि शेवटी "आमच्या मुलांना शेती कळली". गप्प बसणार होतो खरं राहवत नाही. अहो, डिसेंबरात भात लावतात काय? आपल्याकडं मे संपता संपता कोरड्या रानातच धूळवाफ पेरणी, आणि ज्यांची रोप लावण असते त्यांची जुलै-ऑगस्टात. डिसेंबरात येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात मळण्या चालू असतात, नाहीतर भात निघालेल्या रानात ओलीवर मसूर, हरभरा वर आलेला असतो. त्या केंद्रावर माझा भाचा कामाला होता. मोटर लावून एक डबकं भरतात, शाळा गेली की तीच रोपं उपटून, धुऊन, जुडी बांधून सावलीला ठेवतात, दुसऱ्या दिवशी दुसरी शाळा. तिसऱ्या दिवशी मुळं काळी पडतात, मग नवीन जुडी. माझी पोरगी त्याच ट्रिपला गेली होती, सहावीत आहे. घरी येऊन विचारते, "बाबा, आपण भात चुकीच्या महिन्यात लावतो काय?" तिच्या वर्गाच्या खिडकीतून आमचं रान दिसतं ओ!

टिळकवाडीची आई:
ती पोस्ट माझीच. तुमच्या पोरीला रान आहे, माझा मुलगा तिसऱ्या मजल्यावर वाढतोय. त्याला महिना कुठला ते नाही कळलं, मान्य. पण घोट्यापर्यंत चिखल म्हणजे काय, ओणवं राहून कंबर कशी दुखते, एवढं तरी कळलं ना? माझ्या वडिलांनी अनगोळची जमीन विकली तेव्हा मी नववीत होते. आता त्या जागी अपार्टमेंट आहे. मी त्याला कुठलं रान दाखवू सांगा.

खानापूरची मास्तरीण:
सहल काढून बघा म्हणजे समजेल. ४८ पोरं, आम्ही दोघं शिक्षक. बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिसची परवानगी, पालकांची सह्यांची पत्रं, बस, वाटेत कुणाला उलटी, कुणाचा डबा सांडलेला. तीन वर्षांपूर्वी मी खऱ्या शेतावरच नेली होती सहल, ओळखीच्यांचं रान, फुकट. सातवीतली एक मुलगी सकाळपासून पाण्याचा थेंब प्यायली नाही, का तर शेतात जायला जागा नाही. परत येताना बसमध्ये चक्कर येऊन पडली. तिच्या आईनं मला शाळेच्या दारात जे ऐकवलं ते अजून विसरले नाही आणि तिचं चुकलंही नव्हतं. तेव्हापासून कुठंही जायचं म्हटलं की मी आधी संडासाच्या दाराला कडी आहे का ते बघते. तुमच्या शिवारात आहे का कडी?

निपाणीकर:
मग सरळ कणेरी मठाला न्या की! कागल ओलांडलं की आलंच. सिद्धगिरीचं ग्रामजीवन म्युझियम बघा, सिमेंटचे पुतळे खरं जिवंत वाटतात. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार, सगळे बलुतेदार आपापल्या कामात. सोयी चांगल्या, मुलांना एका दिवसात अख्खं जुनं गाव कळतं. माझी दोन्ही मुलं बघून आलीत.

कुंभाराचा नातू:
अख्खं गाव कळतं? मी पण गेलोय, पुतळे करणाऱ्यांच्या हाताला तोड नाही, चाकावरच्या कुंभाराची बोटं हुबेहूब आमच्या आजोबांसारखी. खरं माझ्या मुलानं विचारलं, "सगळे हसतायत, मग आजोबांनी काम सोडलं कशाला?" काय सांगू? आजोबा वर्षभर गाडगी-मडकी पुरवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचे. पाटलाच्या मनात असेल तेवढं सुपात पडायचं. कमी पडलं तर बोलायचं नाही. आणि आमचं तरी बरं, आमच्या खालच्या वाड्यातल्यांना विहिरीवर कुणीतरी येऊन पाणी वाढेपर्यंत घागर घेऊन थांबायला लागायचं. तो पुतळा कुठं आहे?

निपाणीकर:
झालं, आली जात. सहलीचा विषय, पाचवी-सहावीची पोरं, त्यांच्या डोक्यात हे भरायचं? एकमेकांवर अवलंबून होतं गाव, ते शिकू दे की. जे चांगलं होतं ते चांगलं होतं.

कुंभाराचा नातू:
जात मी आणली नाही, बलुतं म्हटलं की ती आधीच आत बसलेली असते. तुम्ही निपाणीचे ना? १९८१ चं तंबाखूचं आंदोलन तुमच्या दारात झालं, भाव मागायला शेतकरी हायवेवर बसले, गोळीबारात माणसं गेली. ते पोरांना सांगता का नाही? का ते पण "डोक्यात भरणं"?

निपाणीकर:
माझे सख्खे चुलते त्या रस्त्यावर बसले होते. मला शिकवू नका. घरी दरवर्षी सांगतो मी ते.

कुंभाराचा नातू:
मग घरी सांगता ते सहलीत का नको, एवढंच विचारतोय. खानापुरात आजही कौलं, मडकी करणारे आहेत, खादी ग्रामोद्योगाचं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्र आहे. सिमेंटच्या कुंभाराला बघायला शंभर किलोमीटर जाता आणि जिवंत कुंभाराच्या भट्टीवरून बस तशीच पुढं. त्याला विचारू दे पोरांना की माती कितीला पडते, लाकूड कितीला, मडकं कितीला जातं.

निपाणीकर:
हे बोललात ते पटलं. आधीचं नाही.

शहापूरचा:
तुम्ही बलुत्यावर भांडत बसा, तिकडं बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासनं उभ्या पिकातली रानं गेली. दहा वर्षांनी इथल्या बासमती भाताचा वास कसा असतो ते दाखवायलाही केंद्रावरच न्यायला लागेल पोरांना. आमच्या आईनं भात शिजत घातलं की गल्लीच्या तोंडाला कळायचं. त्यावर कोण पोस्ट टाकत नाही.

खानापूरची मास्तरीण:
भाऊ, दुखणं कळतं, आमच्याकडं पण रेल्वेला, रस्त्याला गेल्यात जमिनी. पण मला जानेवारीत सहल काढायचीये. हळशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ आणि कणकुंबीला मलप्रभेचा उगम असं ठरतंय, आपल्याच तालुक्यातलं. पोरं रोज मलप्रभा ओलांडून शाळेला येतात, ती निघते कुठून ते निम्म्यांनी बघितलेलं नाही. शेतीचं मात्र अजून अडलंय. शिवारकर, तुम्ही कडीचं उत्तर दिलं नाहीत.

वडगावचा शिवारकर:
दिलं नाही कारण उत्तर नव्हतं. आमच्या बायका पण सुगीला दिवसभर पाणी न पिताच राबतात, तुम्ही लिहिलंत तेव्हा पहिल्यांदा ते डोक्यात आलं. शिवाराच्या कडेला बहिणीचं घर आहे, दोन संडास आहेत, तिच्याशी बोललो, ती हो म्हणाली. आमची मळणी थोडी मागं राहिलीय, गंजी रचून ठेवलीय, तुमच्या सहलीपर्यंत थांबतो. दहा-दहाच्या गटानं या, मशीनपासून लांब उभं करायचं, पिंजरात, म्हणजे पेंढ्यात, लोळू दे हवं तेवढं. टिळकवाडीच्या ताई, तुमच्या मुलालाही घेऊन या, पैसे नकोत. उपणताना पाटी मात्र धरायला लागेल.

टिळकवाडीची आई:
आम्ही येतो. पण चिखलाचं मी म्हटलं ते मागं घेत नाही.

खानापूरची मास्तरीण:
दोन्ही दारांना आतून कडी लागते का?

वडगावचा शिवारकर:
एकाला लागते. दुसऱ्याची वाकलीय, रविवारी बदलून घेतो.