मदत हवी आहे: आईची सततची धास्ती आणि एकटेपण (ठाणे, घोडबंदर रोड)

नमस्कार. इथलं बरंच वाचते, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची. लग्न होऊन नौपाड्यात आली आणि तिथलीच झाली. बाबा गेल्यावरही तिथे एकटी राहायची आणि व्यवस्थित राहायची. गेल्या वर्षी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि ती आमच्याकडे, कासारवडवलीला आली. घरी मी, नवरा, बारावीतला मुलगा. नवरा तिचं पोटच्या मुलासारखं करतो. खाण्यापिण्याची, औषधपाण्याची आबाळ नाही, कुणाशी वाद नाही. त्यामुळे बिनसलंय कुठे याचा पत्ता लागेना.

सुरुवात फोनपासून झाली. मी ऐरोलीला नोकरी करते. ऑफिसात पोहोचते न पोहोचते तोच फोन: पोहोचलीस का? मग गॅस बंद होता ना, गिझर बंद होता ना, दार ओढून घेतलं होतंस ना. मी उचलला नाही तर नवऱ्याला, त्याने नाही उचलला तर इंटरकॉमवरून सिक्युरिटीला. नातू क्लासहून यायला जरा उशीर झाला की ती दार उघडून लॉबीत उभी. लिफ्टमध्ये एकटी पाऊल टाकत नाही, मध्येच बंद पडली तर म्हणून. आम्ही सतराव्या मजल्यावर. म्हणजे कुणी सोबत असल्याशिवाय तिचं खाली उतरणंच बंद.

मध्यंतरी रात्री छातीत जोरात धडधडायला लागलं, हातपाय गार, घामाघूम झाली. जवळच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला नेलं. ईसीजी नॉर्मल, बाकी तपासण्याही ठीक. तिथले डॉक्टर म्हणाले, "आजी, काही नाहीये तुम्हाला, टेन्शन घेऊ नका." घरी येताना रिक्षात ती गप्प होती. नंतर मला म्हणाली, "काही नाही म्हणजे मी काय नाटक करते का?" तेव्हापासून डॉक्टरकडे चल म्हटलं की तिचं एकच, मला काही झालेलं नाही.

सगळ्यात जास्त लागतं ते दुपारचं. चार वाजले की ती तोंड धुते, घरातली साडी बदलून बाहेरची नेसते, वेणी घालते, टिकली लावते आणि हॉलमध्ये दाराकडे तोंड करून खुर्चीत बसते. सुट्टीच्या दिवशी मी विचारलं, कुणी येणार आहे का गं? "कोण येतंय? सवय आहे." नौपाड्यात या वेळेला ती खाली उतरायची. गेटपाशी तिघी-चौघी जमायच्या, भाजीवाल्या मावशी तिच्यासाठी अळूची जुडी बाजूला काढून ठेवायच्या, सोमवारी कोपिनेश्वर, लायब्ररीत पुस्तक बदलायचं. यातलं कुणी तिचं नात्याचं नव्हतं. पण दिवसभरात पंधरा-वीस जण तिला नावाने हाक मारत असतील. इथे आमच्या मजल्यावरची दारं बंद असतात आणि लिफ्टमध्ये लोक मोबाइलमध्ये. जुन्या शेजारणींपैकी एक मुलाकडे पुण्याला गेली, एक बदलापूरला, एक डोंबिवलीला.

आणि हल्ली ती म्हणते, "देवाने आता उचलावं." म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे असतंच, असं नवऱ्याचं म्हणणं. माझ्या मनातून मात्र जात नाही.

माझंही सांगते. फोन थरथरला की पोटात गोळा येतो, मग तो बँकेचा मेसेज का असेना. रात्री तीनला जाग येते ती येतेच. ऐरोली ते ठाणे एवढासा प्रवास, पण लेडीज डब्यात खिडकीकडे तोंड करून रडून घेते आणि घरी हसत शिरते.

मला विचारायचंय ते असं. आधी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जायचं की समुपदेशकाकडे? तिला तयार कसं करायचं? ती अस्सल ठाणेकर, 'ठाण्याला पाठवायला हवं' ही थट्टा ऐकत म्हातारी झालेली, त्यामुळे मनाचा डॉक्टर म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर एकच इमारत येते. तिच्या फोनचं काय करू? उचलायचे की नाही? आणि घोडबंदरच्या बाजूला तिच्या वयाच्या बायका कुठे जमतात का? सीरियलवाली करमणूक नको, तिला बोलायला माणसं हवीत.

प्रतिसाद, तलावपाळी

ताई, माझ्या वडिलांचं अगदी असंच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मनाच्या डॉक्टरकडे जाण्याआधी किंवा त्याच सुमारास फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड (टीएसएच), हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि सोडियम बघून घ्या. थायरॉइड वाढलेलं असलं तर धडधड, घाम, झोप उडणं, हात थरथरणं हे सगळं होतं आणि माणूस निव्वळ घाबरट झाल्यासारखा दिसतो. दम्याचा पंप वापरत असतील तर त्यानेही धडधडतं. चालू गोळ्यांची पिशवी उचलून तशीच्या तशी डॉक्टरांपुढे ठेवा.

कानही तपासून घ्या. वडिलांना कमी ऐकू येत होतं आणि ते कुणाला कळू देत नव्हते. चारचौघांत बसले की अर्धं निसटायचं, मग बसणंच सोडलं. यंत्र लावल्यावर पहिल्या आठवड्यातच ते सोसायटीच्या मीटिंगला गेले.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. त्या झोपेची गोळी घेतात का? शेजारपाजारच्या बायका आपापसांत अर्धी-अर्धी देतात, म्हणून विचारलं.

धागाकर्ती

दादा, तुमचं वाचून मी तिचा डबा उघडला. अल्प्राझोलमची पट्टी निघाली. नौपाड्याच्या एका मैत्रिणीने दिलेली, "लागली तर" अर्धी घेते म्हणे. किती दिवसांपासून ते नीट सांगत नाही. काढून टाकू का?

प्रतिसाद, सीवूड्स

काढून टाकू नका! रोज घेत असतील आणि एकदम बंद केली तर धास्ती दुप्पट उसळते, कधी फिटही येऊ शकते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. आणि रोज नसेल घेत तरी या वयात त्या गोळीने तोल जातो, विसरायला होतं, रात्री बाथरूमला उठताना पडायची भीती असते. पट्टी तुमच्या ताब्यात घ्या, किती उरल्यात ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मी स्वतः चिंतेच्या आजारावर उपचार घेतले आहेत, वाशीला. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनुभवाने देते. सायकिअ‍ॅट्रिस्ट एमबीबीएस करून पुढे शिकलेले असतात, औषध तेच लिहून देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून, विचारांवर आणि वागण्यावर काम करतात. आईंच्या बाबतीत झोप गेली आहे, शरीराला त्रास होतोय, डब्यात ही गोळी आहे, म्हणून आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट. पहिल्या भेटीत माझ्याशी नुसतं बोलले: झोप कशी, भूक कशी, कशाची भीती वाटते, घरात कुणाला असं होतं का. औषध सुरू झालं तर पहिले काही दिवस मळमळ, डोकं जड असं होऊ शकतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. याच काळात बरेच जण "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. मी सोडणारच होते, बहिणीने सोडू दिलं नाही. बरं वाटायला लागल्यावरही आपल्या मनाने बंद करायचं नसतं.

तयार करण्याबद्दल: खोटं सांगून नेऊ नका. गाडीत बसवून "फिरायला चाललोय" म्हणाल आणि पाटी वाचून त्यांना कळेल, मग तुमच्यावरचा भरवसा गेला. जे त्यांना सलतं तेच धरा. "तुझी धडधड खरी आहे, तू नाटक करत नाहीस. हृदय ठीक आहे हे कळलं, मग धडधडतं कशाने आणि झोप का येत नाही, हे बघणारे डॉक्टर वेगळे असतात." कॅज्युअल्टीत त्यांना कुणी एवढं सांगितलं असतं तर त्या आज अडून बसल्या नसत्या असं मला वाटतं.

ठाण्यात तर सोय आहे. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, सगळे आयपीएच म्हणतात, तुमच्याच शहरात आहे. तिथे डॉक्टर आणि समुपदेशक दोन्ही भेटतात. ज्या इमारतीला त्या घाबरतात त्या १९०१ सालच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, लोक तपासून घेतात आणि संध्याकाळी घरी असतात. आणि तुम्हाला रात्री तीनला जाग येते ना, तेव्हा १४४१६ लावा. टेली मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मी लावलेला आहे. तुमच्यासाठी लावा, आईंसाठी नंतर.

प्रतिसाद, नेरूळच्या आजी

अगं, मी तुझ्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. "देवाने उचलावं" हे मीही म्हणते, गुडघा दुखला की म्हणते. पण तुझ्या मनातून जात नाही ना, मग तिला सरळ विचार. तोंडावर विचार: आई, जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? विचारल्याने ते डोक्यात शिरतं ही लोकांची समजूत चुकीची आहे. मनात असेल तर उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाली, किंवा कसं करायचं हे तिने ठरवल्यासारखं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. तिला एकटं सोडायचं नाही, गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत, त्याच दिवशी दाखवायचं.

आता दुपारच्या चारचं. तू लिहिलंस ते वाचून मला भडभडून आलं. तिला "छंद लाव, टीव्ही बघ, नातवाशी बोल" असं कुणी सांगू नका. तिला घरातली माणसं कमी पडत नाहीयेत. बाहेर तिची ओळख होती, ती गेली आहे. मी नेरूळला आले तेव्हा वर्षभर माझं तेच होतं. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात पहिल्यांदा गेले ती परत आले, सगळ्या एकमेकींना ओळखत होत्या, मी कोपऱ्यात. पण तिथल्या एकीने मला भिशीचा हिशेब लिहायला बसवलं. माझं अक्षर चांगलं आहे. हिशेब माझ्याकडे म्हटल्यावर जाणं भागच पडलं, आणि न गेले तर फोन यायला लागले. तेव्हा जिथे नुसतं जाऊन बसायचं तिथे तिला नेऊ नकोस. तिच्यावाचून कुणाचं तरी अडेल असं काम शोध. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची चौकशी कर, बहुतेक ठिकाणी असतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी फोन आहे, त्यावरही विचारता येतं.

आणि नौपाडा तोडू नका गं. बिल्डिंग पडली, बाजार तर जागेवर आहे ना? आठवड्यातून एक वार ठरवा. तोच वार, तीच वेळ.

प्रतिसाद, तलावपाळी

आजींना अनुमोदन. फोनबद्दल राहिलं होतं. आम्हाला समुपदेशकांनी सांगितलेलं लिहितो. "हो, गॅस बंद आहे" हे ऐकलं की थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा शंका, पुन्हा फोन. दर उत्तरागणिक ती शंका बळावत जाते. पण एकदम उचलणं बंद केलं तरी माणूस सैरभैर होतो. आम्ही वेळा बांधल्या. एक वाजता आणि साडेचारला मीच फोन करणार, काही झालं तरी करणार. मधल्या वेळेत त्यांनी शंका वहीत लिहायची. एकच्या फोनला आम्ही ती वही वाचायचो. पहिले काही दिवस वडील चिडले. नंतर वहीतल्या निम्म्या गोष्टी एक वाजेपर्यंत तेच खोडून ठेवायचे. वेळ मात्र पाळा, एकदा चुकली की सगळं पहिल्यापासून.

लिफ्टचंही तसंच, टप्प्याटप्प्याने. आधी तुमच्यासोबत एकच मजला, मग त्या आत आणि तुम्ही खालच्या मजल्यावर उभ्या. भीती वाटेलच. ती वाटत असतानाच थांबायचं, ओसरते. पण हे डॉक्टरांच्या कानावर घालून करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार.

आजी, काल रात्री विचारलं. नवरा आणि मुलगा झोपल्यावर, तिच्या पायाला तेल लावताना. आधी रागावली, असलं काय विचारतेस म्हणाली. मग म्हणाली, "मरायचं नाहीये गं मला. पण सकाळी उठून करायचं काय, ते कळत नाही." बराच वेळ बोलली. भीती कशाची ते पहिल्यांदा सांगितलं: मला इथे काही झालं तर कुणाचं दार वाजवू? मला उत्तर देता आलं नाही. आज मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली आणि त्या बाईंना आईचं नाव सांगितलं. त्यांची आईही सोलापूरला एकटी असते.

टीएसएच वगैरे उद्या सकाळी उपाशीपोटी. सायकिअ‍ॅट्रिस्टची वेळ पुढच्या गुरुवारी मिळाली आहे. "झोपेचं बघणारे असतील तर येते," एवढं तिने कबूल केलंय, आणि ते मनाचे डॉक्टर आहेत हेही मी सांगून ठेवलंय. १४४१६ मी परवा रात्री लावला. सविस्तर नंतर लिहीन, पण त्या मुलीने मला घाई केली नाही.

नौपाड्याचा वार सोमवार ठरवतेय, कोपिनेश्वरासाठी. मला सोमवारी सुट्टी मिळणं कठीण आहे. तिला सोडून मी ऐरोलीला गेले तर मधले तीन-चार तास तिने बसायचं कुठे? बाथरूमची सोय हवी, आणि उन्हात नको.

प्रतिसाद, तलावपाळी

मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन विचारा. १८९३ पासूनची संस्था आहे, स्टेशनजवळ, आणि तलावपाळी, कोपिनेश्वर दोन्ही तिथून लांब नाही. वाचनालयाच्या वेळा आणि वार जाऊनच बघून या. नाहीतर जुन्या सोसायटीपैकी जे जवळपास भाड्याने राहत असतील त्यांना विचारा. भाडेकरार संपेपर्यंत तेही असेच अधांतरी आहेत, दुपारी कुणी यावं असं त्यांनाही वाटत असेल. आमचं घर राम मारुती रोडच्या मागे आहे. आई सोमवारी घरीच असते, तिला विचारून उद्या कळवतो.