डान्स फ्लोअर आधी की दानपेटी आधी?

बेएरियाचा_बंड्या
सॅन फ्रान्सिस्कोत सनडान्स सलून म्हणून एलजीबीटीक्यू लोकांची कंट्री-वेस्टर्न (काऊबॉय धाटणीच्या) डान्सची रात्र असते, १९९८ पासून चालू, ना नफा संस्था, काम करणारे सगळे व्हॉलंटियर. पहिल्यांदा गेलो तेव्हा सत्तरीतल्या एका आजोबांनी माझा हात धरून टू-स्टेप हा जोडीचा नाच शिकवला, दोन पावलं पटपट, दोन सावकाश, सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरतात आणि मधे लाइन डान्सवाले (रांगेत, जोडीदाराशिवाय नाचणारे), कोणी कोणाला धडकत नाही (मी सोडून). तर माझं म्हणणं असं की अशा क्लबांनी जगासाठी देणग्या गोळा करणं जरा थांबवावं आणि आधी स्वतःच्या फ्लोअरच्या भाड्यासाठी डबा फिरवावा.

कोपऱ्यातला_काका
बंड्या, साफ चूक. ही सगळी परंपराच देणगीतून आलीय रे. १९७६ ला अमेरिकेतल्या रेनोत फिल रॅग्सडेलने पहिला गे रोडिओ (काऊबॉयांच्या खेळांची स्पर्धा) भरवला तो गावातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी पैसे जमवायला. रँचवाले जनावरं द्यायला तयार नव्हते, कशीबशी पाच गायी, दहा वासरं, एक डुक्कर आणि एक शेटलंड पोनी (बुटकं घोडं) मिळालं 😄 पुढे एड्सच्या काळात तर याच लोकांनी आपल्या माणसांसाठी झोळी फिरवली, तेव्हा सरकार हलायला तयार नव्हतं. दानपेटी काढलीस तर उरतो फक्त बार.

बेएरियाचा_बंड्या
काका मान्य, पण बारच नसेल तर पेटी ठेवणार कुठे? लॉस एंजलिसचा ऑइल कॅन हॅरीज हा असाच नाचाचा गे बार १९६८ पासून होता, कोविडमधे बंद पडला तो २०२१ च्या जानेवारीत कायमचाच गेला. गेल्यावर सगळे हळहळले.

सातारची_सई
मला दोघांचंही पटत नाही. खाजगी मालकाचा बार वाचवायला मी का वर्गणी देऊ, नफा झाला तेव्हा मला वाटा दिला होता का? गणपतीची वर्गणी देताना पण आम्ही पावती मागतो. सनडान्ससारखी संस्था असेल, हिशोब भिंतीवर लावत असेल तर देईन, नाहीतर तिकीट काढीन, नाचीन, घरी जाईन.

कोपऱ्यातला_काका
सई, पावतीचं बरोबर आहे. पण रोडिओच्या वेळी काय होतं, की जे शेजारी एरवी तोंड फिरवायचे त्यांना गरजूंसाठी पैसे आहेत म्हटलं की नाही म्हणणं जड जायचं. ती सोय भाड्याच्या डब्याला नाही.

सातारची_सई
म्हणजे माणूस म्हणून उभं राहायला आधी दान करून दाखवायचं? मला हेच खटकतं.

बेएरियाचा_बंड्या
सई 👏 काका, या रविवारी सनडान्सच्या लेसनला या, भांडण तिथे पुरं करू. फक्त रबरी तळाचे बूट नकोत, फ्लोअरला चिकटतात आणि वळताना गुडघा जातो, माझा गेलाय.