बी.ए., बी.कॉम. झाल्यावर औषधांच्या क्षेत्रात : नाशिककरांचा अनुभव धागा

कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी हातात आहे आणि आता औषधांच्या क्षेत्रात यायचं आहे, असं म्हणणारे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. कोणाच्या घरचं मेडिकल आहे, कोणी काउंटरवर मदतनीस म्हणून उभं राहतं, कोणाला सिडकोत स्वतःचं दुकान टाकायचं आहे. या कामात मुरलेल्यांना इथे मुद्दाम लिहायला बोलावलं आहे. विनंती एकच. आत्मकथा नको. पुढच्याला उद्या सकाळी कामाला येईल ते लिहा. कोणता कागद लागतो, किती तास जातात, कुठे अडतं आणि का अडतं.

प्रवेश प्रक्रियेचं काम पाहणारे, गंगापूर रोड

सर्वांत आधी पदवीची गुणपत्रिका बाजूला ठेवा आणि बारावीची काढा. डी.फार्म. हा फार्मसीचा, बारावीनंतरचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित हे विषय घेऊन उत्तीर्ण असावं लागतं. पदवी कशात घेतली, याला इथे वजन नाही. बारावी विज्ञान करून मग बी.कॉम. केलं असेल तर तुम्ही आजही पात्र आहात, आणि वयाची कमाल अट नाही. कित्येकांना हे माहीतच नसतं. आपली वाट बंद झाली असं समजून ते वर्षं घालवतात. त्यांनी हे जरूर वाचावं.

बारावी कला किंवा वाणिज्यची असेल तर मात्र पदवी कितीही चांगल्या गुणांची असो, फार्मसीचा थेट प्रवेश नाही. विज्ञानाची बारावी आधी करावी लागते.

डी.फार्म.चा प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, बारावीच्या गुणांवर होतो. त्याला सीईटी नाही. चार वर्षांच्या बी.फार्म.ला एमएचटी-सीईटी किंवा नीट लागते आणि ठरावीक विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के लागतात. पदवीधरांची अडचण बहुधा कागदांची असते. शाळा सोडल्याचा दाखला शेवटच्या कॉलेजकडून लागतो, म्हणजे पदवीच्या कॉलेजचा, बारावीच्या नव्हे. मधली वर्षं रिकामी असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. जुनंच जोडलं की अर्ज खुल्या गटात जातो. दरवर्षी सर्वाधिक मुलं इथेच अडकतात, म्हणून हे काम एप्रिलमध्येच सेतू केंद्रात उरकून घ्या.

मुक्त शाळेच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या, नाशिक रोड

वरच्या दादांनी सांगितलेली विज्ञानाची बारावी नोकरी करत करायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा रस्ता आहे. विषयांचे कोड लक्षात ठेवा : गणित ३११, भौतिकशास्त्र ३१२, रसायनशास्त्र ३१३, जीवशास्त्र ३१४. तुम्ही आधीच बारावी असल्यामुळे मोजकेच विषय घेण्याची सोय मिळते, पण माझा आग्रह आहे की पाच विषय पूर्ण घ्या. नुसत्या तीन विषयांची सुटी गुणपत्रिका पुढे छाननीत अडू शकते. भाषा इंग्रजीच घ्या. बी.फार्म.च्या पात्रतेत बारावीला इंग्रजी असणं लिहिलेलं आहे, आणि आज डी.फार्म. म्हणणारे पुष्कळजण उद्या बी.फार्म.कडे वळतात.

परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. शक्य असेल तर ऑक्टोबरची धरा. एप्रिलचा निकाल हातात येईपर्यंत कॅपची नोंदणी सुरू झालेली असते. एक विषय राहिला तर ते सबंध वर्ष जातं. ऑक्टोबर धरली तर राहिलेला विषय एप्रिलला काढता येतो.

उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात, पण लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे. वाणिज्यची मुलं लेखीचा धसका घेऊन अभ्यास करतात आणि प्रात्यक्षिकाला गैरहजर राहतात. मग लेखीत साठ मिळूनही विषय जातो. प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी, नेमून दिलेल्या केंद्रावर होते. केंद्र घरापासून लांब आलं तरी सुट्टी टाकून जा.

औषधनिर्माणशास्त्र शिकवणारे, पंचवटी

नाशिकमध्ये एक गैरसमज कायमचा आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, म्हणून फार्मसीही त्यांच्याकडेच असणार, असं लोक धरून चालतात आणि तिथे चौकशीला जातात. राज्यात डी.फार्म.ची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेतं. बी.फार्म. नाशिकमध्ये मुख्यतः सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेलं आहे. दुसरी चौकशी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची होते. तिथून बी.ए., बी.कॉम. उत्तम होतं, पण फार्मसी दूरशिक्षणाने कुठूनही होत नाही. डी.फार्म.ला ७५ टक्के हजेरी सक्तीची आहे.

‘परीक्षेपुरतं या, बाकी आम्ही बघतो’ असं सांगून परराज्यातली पदविका विकणारे दलाल फिरतात. त्यांच्यापासून लांब राहा. प्रवेश घेण्याआधी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं नाव, तो अभ्यासक्रम आणि ते शैक्षणिक वर्ष, तिन्ही तपासा. कॉलेजला बी.फार्म.ची मान्यता आहे म्हणून डी.फार्म.चीही असेलच असं नाही. मान्यता नसलेल्या ठिकाणची पदविका घेऊन गेलात तर राज्याची फार्मसी कौन्सिल फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करत नाही. गेलेले पैसे आणि दोन वर्षं परत मिळत नाहीत.

तीन-सहा महिन्यांच्या ‘फार्मसी असिस्टंट’ प्रमाणपत्रांचंही तेच. मदतनीस म्हणून शिकायला बरी, पण त्यावर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही.

घाऊक औषध विक्रीतले, गोळे कॉलनी

सगळे फार्मासिस्ट होण्याबद्दलच लिहीत आहेत, म्हणून एक बाजू ठळकपणे मांडतो. तुमची बी.कॉम.ची पदवी घाऊक व्यवसायात आहे तशी चालते.

औषध नियम १९४५ मधला नियम ६४ वाचा. घाऊक परवान्यासाठी ‘सक्षम व्यक्ती’ लागते. ती नोंदणीकृत फार्मासिस्ट असू शकते, दहावी उत्तीर्ण होऊन औषध व्यवहाराचा चार वर्षांचा अनुभव असलेली असू शकते, किंवा मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि औषध व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेली असू शकते. पदवी कोणत्या शाखेची हे नियमात लिहिलेलं नाही. म्हणजे बी.ए. झालेल्या मुलीने गोळे कॉलनीत एखाद्या स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, नीट एक वर्ष काम केलं, तर ती स्वतःच्या घाऊक परवान्याची सक्षम व्यक्ती होऊ शकते.

अडतं ते अनुभवाच्या पुराव्यावर. पगार रोखीने घेतलेला, हजेरीपत्रक नाही, पत्रावर मालकाचा परवाना क्रमांक नाही. अशा पत्राला तपासणीत कोण मानणार? पहिल्या दिवसापासून पगार बँकेत घ्या आणि नेमणूकपत्रावर परवाना क्रमांक लिहून घ्या.

जागा किमान १० चौरस मीटर लागते, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. किरकोळ आणि घाऊक दोन्ही एकाच जागेत करायचं असेल तर १५ चौरस मीटर. मोजमाप आतलं धरतात. जिन्याखालची जागा आणि पोटमाळा मिळवून आकडा पुरा केला की नकाशा परत येतो. घाऊकचे परवाने फॉर्म २०-बी आणि २१-बी. लस, इन्शुलिन वगैरे २१-बीमध्ये येतात, त्यामुळे फ्रिज हवाच. अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे ऑनलाइन जातो, मग औषध निरीक्षक जागा पाहतात. परवाना आता बेमुदत असतो, पण दर पाच वर्षांनी तो चालू ठेवण्याचं शुल्क भरावं लागतं. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

हिशेब वाणिज्यच्या मुलांना पटकन जमतो. बिगर-नियंत्रित, म्हणजे सरकारने कमाल किंमत न ठरवलेल्या, औषधावर नफ्याची चालत आलेली पद्धत किरकोळला २० टक्के, घाऊकला १० टक्के अशी आहे. नियंत्रित किमतीच्या औषधांवर १६ आणि ८. एमआरपी १०५ रुपये असेल तर त्यात ५ टक्के जीएसटी आहे, मूळ किंमत १००. किरकोळ दुकानदाराला माल ८० ला, स्टॉकिस्टला ७२ ला, दोन्हींवर जीएसटी वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला आहे. कंप्युटरमधला जुना दर बदलला आहे ना, हे प्रत्येक वस्तूला तपासा.

घाऊकवाल्याने पेशंटला माल द्यायचा नाही. ओळखीचे काका आले, गोळ्यांची एकच पट्टी हवी आहे, तरी नाही. बिल परवानाधारकाच्याच नावावर, बॅच नंबरसह. आणि आधी आलेला माल आधी असं न करता, ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढा. मुदत संपलेल्या मालाचा कप्पा वेगळा, त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी.

डी.फार्म.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या

विज्ञान सुटून पाच-सात वर्षं झालेल्यांना पहिल्या वर्षी फार्मास्युटिक्स आणि रसायनशास्त्र जड जातं. सोशल फार्मसी आणि दुसऱ्या वर्षीचे कम्युनिटी फार्मसी, कायदा हे विषय त्यांना उलट सोपे जातात. त्यामुळे वेळ गणितांना द्या. रोज तीन गणितं.

अॅलिगेशन, म्हणजे दोन तीव्रतांची द्रावणं मिसळून हवी ती तीव्रता काढण्याची पद्धत, लवकर पक्की करा. ९० टक्के आणि ५० टक्के अल्कोहोलपासून ६० टक्के करायचं आहे. ६० मधून ५० गेले १०, हे ९० टक्क्यांचे भाग. ९० मधून ६० गेले ३०, हे ५० टक्क्यांचे भाग. प्रमाण १:३. एक लिटरसाठी २५० आणि ७५० मिली. मुलं नेमके हे आकडे उलट लिहितात. पडताळा नेहमी करा : २२५ अधिक ३७५ म्हणजे ६००, बरोबर.

लहान मुलांच्या डोसचं गणित तर परीक्षेपलीकडे जाणारं आहे. १२ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे एका वेळी १८० मिग्रॅ. ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेलं सिरप ७.५ मिली होतं. ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेलं ३.६ मिली. पहिली बाटली संपली म्हणून दुसरी दिली आणि माप तेच ७.५ सांगितलं, तर बाळाच्या पोटात ३७५ मिग्रॅ जातं, दुपटीहून जास्त. बाटली बदलली की माप बदलतं. हे मी प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून ठेवते.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं. ते किमान तीन महिन्यांत पसरलेलं हवं आणि त्यातले २५० तास प्रत्यक्ष डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर औषध देण्याचे हवेत. आठवड्याचे सहा दिवस धरले तर रोजचे साधारण साडेसहा तास होतात. शिकत असताना संध्याकाळी मेडिकलमध्ये केलेलं काम यात धरत नाहीत. मान्यताप्राप्त ठिकाण, नोंदणीकृत फार्मासिस्टची देखरेख आणि आधी भरलेला फॉर्म, तिन्ही लागतात.

प्रश्न आला आहे : डी.फार्म. झालं की लगेच दुकान?

नाही, आधी मुंबईच्या महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी. २०२२ च्या नियमांनी पदविकाधारकांसाठी नोंदणीआधी द्यायची एक्झिट परीक्षा आणली आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के. तुमच्या प्रवेशवर्षाला लागू असलेली ताजी सूचना कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहूनच अर्ज करा. बी.फार्म.ही करायचं असेल तर डी.फार्म.नंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो.

किरकोळ औषध दुकानाचे फार्मासिस्ट, इंदिरानगर

मेडिकलचा मालक फार्मासिस्टच असायला हवा असं नाही. बी.कॉम. झालेला माणूस स्वतःच्या नावाने फॉर्म २० आणि २१ चे परवाने घेऊ शकतो, फक्त नोंदणीकृत फार्मासिस्ट नेमावा लागतो आणि त्याच्या देखरेखीखालीच चिठ्ठीवरचं औषध द्यावं लागतं. तो सोडून गेला तर प्रशासनाला लगेच कळवायचं आणि नवा येईपर्यंत चिठ्ठीचं काम थांबवायचं.

आणि हे अगदी कळकळीने लिहितोय : सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका, घेऊ नका. महिन्याला काही हजार मिळतात म्हणून नाव लावणारे आणि स्वतः दुसरीकडे असणारे, दोघांचंही नुकसान होतं. फार्मासिस्टची नोंदणी धोक्यात येते, दुकानाचा परवाना निलंबित होतो. चुकीच्या गोळीने पेशंटचं काय होतं ते वेगळंच.

काउंटरवर नव्याने उभं राहणाऱ्याने आधी गोळ्यांच्या पट्टीवरचं चिन्ह वाचायला शिकावं. शेड्यूल एच१ या औषध नियमांतल्या यादीतल्या औषधांची वेगळी नोंदवही असते. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या, आणि ती वही तीन वर्षं जपायची. ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, बरीच वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स यात येतात. संध्याकाळच्या गर्दीत नोंद राहते आणि रात्री आठवून भरली की संख्या जुळत नाही. बिल करतानाच लिहा.

इन्शुलिनची सिरिंज देताना दोन मिनिटं थांबा. ४० युनिटच्या कुपीला लाल टोपीची सिरिंज, १०० युनिटच्या कुपीला केशरी. १०० चं इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अर्धा मिली जातं, म्हणजे ५० युनिट. साखर धाडकन खाली येते. कुपी २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरच्या कप्प्याला टेकवू नका. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं.

सांधेवातासारख्या आजारात दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. पाकिटावर ‘रोज’ लिहिलं गेलं तर जीवावर बेततं. वार लिहा, ‘दर सोमवारी’ असा, आणि आजींकडून तो वार एकदा वदवून घ्या.

औषध कंपनीच्या गोदाम विभागातले, अंबड

थोडक्यात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्पादन आणि चाचणी विभागात फार्मसी किंवा रसायनशास्त्राचं शिक्षण लागतं. गोदाम, खरेदी, डिस्पॅच, पॅकिंगची कागदपत्रं इथे वाणिज्य पदवीधर चालतात. मुलाखतीत एकच गोष्ट हमखास बघतात : नोंदीत चूक झाली तर काय करता? खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. घरी वहीवर सराव करून या.